पाच देशांची जंगलवारी तीन देशांत कशी बसली

माझ्या मावसबहिणीच्या घरी सहलीचा जो पहिला कागद तयार झाला, त्यावर पाच देश होते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला उतरायचं, क्रूगरचं राष्ट्रीय उद्यान बघायचं, तिथून झिम्बाब्वेत ह्वांगेचं जंगल आणि व्हिक्टोरिया धबधबा, पूल ओलांडून झांबिया, मग बोत्सवानात चोबेचं जंगल आणि ओकावांगो, शेवटी नामिबियात इटोशाचं उद्यान, आणि विंडहुक या तिथल्या राजधानीहून घरी. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, टपावरच्या तंबूत झोपायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा. माणसं चार: ताई, दाजी, त्यांचा नववी आटोपलेला मुलगा आणि दाजींचे धाकटे भाऊ. हाताशी दिवस तेवीस. मुलाची शाळा जूनच्या मध्याला उघडणार आणि दहावीचं वर्ष, त्यामुळे त्यात एकही दिवस वाढणार नव्हता.

कागद माझ्याकडे आला तो "जरा नजर टाक" एवढ्याच निरोपासह. नजर टाकल्यावर दिसलं की बहुतेक दिवस स्टिअरिंगमागे आणि सीमेवरच्या रांगांत जाणार आहेत. जनावरं बघायला उरणारा वेळ त्या मानाने तुटपुंजा होता. असल्या सहलीत अंतरापेक्षा सीमा महाग पडतात, असं माझं ठाम मत आहे. त्याच मापाने मग सगळं पुन्हा मांडलं.

आधी महिना, मग मार्ग

आफ्रिकेच्या दक्षिण भागात जनावरं बघायची म्हणजे पाण्याचा हिशेब करायचा. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. जसजसे रानातले डबके आटतात तसतशी जनावरं नद्यांवर आणि कायमच्या पाणवठ्यांवर गोळा होतात, गवत बसतं, नजर लांबवर जाते. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणूनच सगळ्यांना हवे असतात. ऑक्टोबरात ऊन चाळिशीला टेकतं.

ताईकडे पर्याय दोनच होते, दिवाळीची सुट्टी किंवा मे-जून. दिवाळीत गेलं तर उन्हाळा ऐन भरात, पहिल्या पावसाची धास्ती, आणि ज्या झांबेझी नदीवर धबधबा आहे तिला पाणी सर्वांत कमी. व्हिक्टोरिया धबधबा १,७०० मीटरहून रुंद आणि शंभरेक मीटर खोल आहे खरा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा बराचसा भाग नुसता उघडा कातळ असतो. मे अखेरीला तोच धबधबा एप्रिलच्या पुरातून नुकताच उतरू लागलेला असतो, म्हणजे पाणी भरपूर.

मे-जूनचा तोटाही ताईला स्पष्ट सांगितला. पाऊस संपून दोनच महिने झालेले असतात, रानात अजून पाणी असतं, त्यामुळे इटोशाच्या पाणवठ्यांवर सप्टेंबरसारखी झुंबड नसते. ओकावांगोचं मात्र उलटं. हा त्रिभुज प्रदेश समुद्राला मिळत नाही, कलहारीच्या वाळूत पसरून जिरतो. त्याचं पाणी अंगोलाच्या डोंगरात पडलेल्या पावसाचं. ते इतकं सावकाश उतरतं की माउन गावाजवळ पूर येतो तो जून-जुलैत, आभाळ कोरडं ठाक असताना. २०१४ मध्ये ओकावांगो जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्या यादीतलं ते हजारावं स्थळ. मे अखेरीला निघालं तर हे चढतं पाणी बघायला मिळणार होतं. त्यावरून दोन निर्णय झाले: तारीख मेचा शेवटचा पंधरवडा ते जूनचा दुसरा आठवडा, आणि इटोशातली एक रात्र काढून ती बोत्सवानाला द्यायची.

कुठले देश गळले

क्रूगर पहिलं गेलं. दाजींना ते जड गेलं, कारण वाचनात तेच नाव सगळ्यांत जास्त आलेलं. पण जोहान्सबर्गला गाडी घेऊन विंडहुकला सोडायची म्हणजे एकेरी सोडणावळ मोठी, आणि क्रूगर ज्या कोपऱ्यात आहे तिथून बाकी काहीच जवळ नाही. शिवाय तो आणखी एक व्हिसा.

व्हिसाचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण आपल्याकडचे बहुतेक जण इथेच अडकतात. देश किती, एवढं मोजून भागत नाही. प्रत्येक देशात किती वेळा शिरणार, ते मोजायचं. विंडहुकहून निघून बोत्सवानातून परत विंडहुकला यायचं तर नामिबियात दोन प्रवेश. बोत्सवानातून धबधबा बघायला झिम्बाब्वेत जाऊन परत यायचं तर बोत्सवानातही दोन प्रवेश. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा हातात असेल तर परतीच्या नाक्यावर माणूस उभा राहतो, आणि तिथून जवळचा दूतावास शेकडो किलोमीटर लांब. आम्ही कागदावर मार्गाची रेघ काढली आणि प्रत्येक सीमेवर आत-बाहेर असे बाण घातले. बाण मोजूनच अर्ज भरले. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासणं हे दाजींच्या भावाकडे सोपवलं. ते काम त्यांनी चोख केलं.

गाडीचे कागद वेगळे. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायची तर मालकाचं परवानगीपत्र लागतं, त्यात त्या त्या देशाचं नाव लिहिलेलं लागतं, सोबत नोंदणीची साक्षांकित प्रत. नामिबिया आणि बोत्सवाना हे दक्षिण आफ्रिकेबरोबर १९१० पासूनच्या एका सीमाशुल्क संघात आहेत, त्यामुळे त्यांच्यामध्ये गाडी नेणं तुलनेने सोपं: रस्ता शुल्क, विमा, नोंदवहीत सही. झिम्बाब्वे आणि झांबिया त्या संघात नाहीत. तिथे गाडीचा तात्पुरता आयात परवाना, वेगळा विमा, रस्त्याचा आणि धुराचा कर, आणि भाड्यावर जादा आकार.

म्हणून ह्वांगे आणि झांबिया गळले, धबधबा मात्र ठेवला. बोत्सवानातलं कासाने गाव धबधब्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. गाडी कासानेच्या मुक्कामाच्या आवारात ठेवायची, दोन रात्रींच्या पिशव्या घ्यायच्या आणि तिथल्या नेहमीच्या पोचवण्या-आणण्याच्या गाडीने काझुंगुला नाक्यावरून सरळ झिम्बाब्वेत जायचं. व्हिक्टोरिया फॉल्स गावात सगळं पायी फिरता येतं, धबधब्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्याच बाजूने दिसतो. गाडीचा एकही कागद न काढता तिसरा देश झाला. झांबियात जायला २०२१ मध्ये उघडलेला काझुंगुलाचा नवा पूल हाताशी होताच, पण त्याच धबधब्याची दुसरी बाजू बघायला आणखी एक व्हिसा आणि आणखी दोन रांगा, हे गणित कुणालाच पटलं नाही.

शेवटी वर्तुळ असं ठरलं: विंडहुक, ओचिवारोंगो, इटोशा, रुंडू, डिव्हुंडू, कोंगोला, न्गोमाच्या नाक्यावरून कासाने, धबधबा, परत कासाने, मग साव्हुटी, ख्वाई, मोरेमी ही बोत्सवानातली रानं, माउन, घान्झी, विंडहुक. जनावरांमागचं फिरणं सोडून सुमारे तीन हजार किलोमीटर. यातला मधला बराचसा भाग काझा नावाच्या सामाईक संवर्धनक्षेत्रात येतो. अंगोला, बोत्सवाना, नामिबिया, झांबिया आणि झिम्बाब्वे यांनी २०११ मध्ये करार करून ते उभं केलं, सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटरचं. २०२२ च्या हवाई गणनेत तिथे २ लाख २८ हजारांच्या आसपास हत्ती निघाले, निम्म्याहून अधिक बोत्सवानात. क्रूगर गेल्याची हळहळ दाजींच्या मनातून हा आकडा ऐकल्यावर ओसरली.

ओचिवारोंगो हा ताईचा हट्ट. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला आलेले आठ चित्ते विंडहुकहून विमानाने आले होते, तेव्हापासून तिला चित्त्यांचं मूळ घर बघायचं होतं. नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यांत राहत नाहीत, खासगी गुराख्यांच्या शेतजमिनींवर राहतात. त्यांना गोळ्या घातल्या जाऊ नयेत म्हणून १९९० पासून काम करणारी चित्ता संवर्धन संस्था ओचिवारोंगोजवळच आहे, आणि ते इटोशाच्या वाटेवर पडतं. एक दिवस तिथे दिला.

आरक्षणाचा क्रम

आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट काढतात. इथे ते शेवटून दुसरं. सगळ्यांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे साव्हुटी, ख्वाई आणि मोरेमीतल्या तंबूच्या जागा. प्रत्येक ठिकाणी त्या मोजक्याच, वेगवेगळ्या खासगी कंपन्या चालवतात, आणि पुढच्या हंगामाच्या बऱ्याच आधीच भरतात. त्यांच्या तारखा एका ओळीत जुळल्या तरच मार्ग पुरा होतो. त्या सलग मिळेपर्यंत आम्ही बाकी कशालाच हात लावला नाही. मग गाडी, मग इटोशाचे मुक्काम, मग तिकिटं, आणि तिकिटांवर व्हिसा. बोत्सवानात जागेचे पैसे माणशी असतात आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं, हे खर्च मांडताना विसरू नये. एका तंबूत चौघं झोपले म्हणून पैसे वाचत नाहीत.

मुलासाठी एक काम आधीच काढून ठेवलं. नामिबिया आणि बोत्सवाना दोन्हीकडे अल्पवयीन मुलाबरोबर आईवडिलांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला मागतात. घरातला दाखला काढून बघितला तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती, आपल्याकडे नोंद बारशाआधी होते म्हणून असं पुष्कळ घरांत असतं. महापालिकेत जाऊन नाव घालून नवा दाखला घेतला. विमान अदिस अबाबामार्गे होतं. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो आणि भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, दहा दिवसांनी लागू होते आणि आता जन्मभर चालते. चौघांनीही घेतली. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दाजी आणि त्यांचे भाऊ दोघांनी आरटीओतून काढला. वाहतूक तिकडेही डावीकडून, त्यामुळे हाताला वेगळी सवय लावावी लागत नाही.

कासाने ते माउन

सगळ्या नियोजनात मी सर्वांत जास्त वेळ या टप्प्यावर घालवला. नकाशावर हे अंतर चारशे किलोमीटर. पण साव्हुटी-ख्वाई-मोरेमीच्या वाटेवर भरवशाचा पेट्रोलपंप नाही. टाकी भरायची ती कासानेला, पुन्हा माउनला. रोजची सकाळ-संध्याकाळची फेरी धरली तर सहा दिवसांत साडेसहाशे किलोमीटर होतात. वाळूत चार चाकं ओढताना डिझेल शंभर किलोमीटरला वीस लिटर धरावं. म्हणजे १३० लिटर, वर थोडी शिल्लक. भाड्याने घ्यायच्या हायलक्स गाडीची मूळ टाकी ८० लिटरची. जोडटाकी असलेली गाडीच हवी, असं कळवलं. टपावर डबे बांधण्यापेक्षा ते बरं, कारण टपावर आधीच दोन तंबू असतात आणि वजन जितकं वर तितकी गाडी उलटायला सोपी.

काचिकाऊ गावापर्यंत डांबर आहे. पुढे साव्हुटीच्या उद्यानाच्या दारापर्यंत खोल वाळू, त्यातही चढाची. इथे बळापेक्षा चाकातली हवा कामाला येते. डांबरावर ३५ पीएसआयच्या आसपास असलेली हवा उतरवून २० वर आणायची. टायर पसरतो, वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. वेग कमी पण सलग, मध्ये थांबायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, चाक नुसतं फिरायला लागलं की पाय काढायचा. पहाटेच्या गारव्यात वाळू घट्ट असते, दुपारी सुटी होते, म्हणून कासानेहून निघायची वेळ सकाळी सहाची ठेवली. आणि बाहेर पडल्यावर हवा पुन्हा भरायची, नाहीतर डांबरावर टायर फाटतो. म्हणून हवेचा पंप आणि मापक ताब्यात घेताना चालवून बघायचे, दोन जादा चाकं आहेत का ते वाकून बघायचं. भाड्याच्या विम्यात टायर, काच, गाडीची खालची बाजू आणि पाण्यात घातलेली गाडी बहुधा धरत नाहीत. नामिबियाच्या खडीच्या रस्त्यांवर एकटीच उलटलेली गाडी हाही अपवाद अनेकदा असतो, तिथले अपघात तसेच होतात, ८० ची मर्यादा सोडली की.

साव्हुटीहून दक्षिणेकडे दोन वाटा आहेत, एक वाळूच्या धारेवरून, दुसरी दलदलीच्या मैदानातून. मैदानातली जमीन आपल्या विदर्भासारखी काळी. पावसात तिथे गाडी गेली की बसली. कोरडी असेल तर तीच वाट सोपी. कुठली धरायची ते साव्हुटीच्या दारावर विचारून ठरवा, एवढंच लिहून ठेवलं. साव्हुटीचा ओढाही असाच. तो १९८२ च्या सुमाराला आटला आणि २०१० मध्ये पुन्हा मैदानापर्यंत वाहिला, मधल्या काळात पावसाशी त्याचा मेळ कुणाला लागला नाही. तिथली न्हाणीघरं जाड भिंतीआड बांधलेली आहेत, कारण तहानलेले हत्ती नळ उपटून काढत. म्हणून साठ लिटर पाणी सोबत हवंच.

बोत्सवानातल्या या मुक्कामांना कुंपण नसतं. इटोशात असतं. हा फरक मुलाला नीट समजावला. अंधार पडला की गाडीच्या उजेडाबाहेर पाऊल नाही. जेवण झालं की डबे, कचऱ्याची पिशवी, साबणसुद्धा गाडीत बंद. रात्री लघवीला खाली उतरायचं नाही, तंबूत बाटली ठेवायची. संत्री-लिंबं सोबत नकोत, हत्तीला वास लांबून येतो आणि त्यासाठी तो गाडीचा पत्रा फाडू शकतो.

कुंपणं आणि स्वयंपाक

दाजींचे भाऊ मटणाचे शौकीन, आणि शेकोटीवर मांस भाजणं हा तिकडच्या मुक्कामाचा रोजचा रिवाज. पण नामिबिया आणि बोत्सवानात गुरांना लाळ्या-खुरकुताची बाधा होऊ नये म्हणून देशाच्या देश आडवी कुंपणं आहेत. उत्तरेला रानटी म्हशी, त्यांच्यात रोगाचे विषाणू. दक्षिणेला विकायची गुरं. कुंपणाच्या नाक्यावर उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेता येत नाही, शीतपेटी उघडून काढून घेतात, चाकं आणि बूट औषधाच्या पाण्यातून काढायला लावतात. नामिबियाच्या कुंपणाचं मूळ १८९६-९७ च्या गुरांच्या साथीत आहे.

या कुंपणांनी गुरं वाचवली आणि जनावरांच्या वाटा तोडल्या. ओकावांगो ते माकगाडिकगाडीच्या मैदानापर्यंतची झेब्र्यांची वाट १९६८ मध्ये एका कुंपणाने बंद झाली होती. ते २००४ मध्ये काढल्यावर काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेने जाऊ लागले. ज्यांनी ती वाट पूर्वी चालली त्यातला एकही तोवर जिवंत नसणार. मला या सगळ्या प्रदेशाबद्दलची ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि नाक्यावर शीतपेटी उघडताना चिडचिड होण्याऐवजी मुलाला ही हकिकत सांगा, असं मी ताईला मुद्दाम बजावलं होतं.

तर स्वयंपाकाचा तक्ता कुंपणं बघून केला. न्गोमाच्या नाक्याआधी मांस संपवायचं, कासानेला नवं घ्यायचं, माउनच्या अलीकडच्या कुंपणाआधी तेही संपवायचं. ताजी भाजी आणि दूधही सीमेपलीकडे न नेता कासानेला घ्यायचं. घरून काय न्यायचं ते ताईने ठरवलं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, कोरडी चटणी, मसाले, छोटा कुकर. बिया आणि अख्खी कडधान्यं नाहीत, सीमेवर त्यांचीच चौकशी होते.

प्रत्यक्षात

मांडणी बहुतेक जशीच्या तशी टिकली. इटोशात अपेक्षेप्रमाणे दिवसा कळप विरळ होते. पण तिथल्या ओकाउकुएजो मुक्कामाच्या प्रकाशझोतातल्या पाणवठ्यावर दुसऱ्या रात्री दोन काळे गेंडे आले, आणि चौघंही पांघरुणं लपेटून मध्यरात्र उलटेपर्यंत बाकावर बसून राहिले. ताडोबात ठरलेल्या पाळीत जिप्सीत बसायची सवय असलेल्या मुलाला, आपली गाडी आपण सूर्योदय ते सूर्यास्त हवी तिथे उभी करायची, हे सगळ्यांत भावलं. थंडीचा अंदाज मात्र त्यांना कमी आला. पारा पाचाच्या आसपास जातो हे लिहून दिलं होतं, तरी पिशव्यांत एकेकच स्वेटर निघाला. रुंडूच्या बाजारात जाड पांघरुणं विकत घेतली.

काचिकाऊच्या पुढे गाडी एकदा बसली. दाजींनी चढावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी ब्रेक लावला होता. हवा आणखी उतरवून १५ पीएसआयवर आणली, चाकांपुढची वाळू फावड्याने काढली, आणि आल्या खुणेतूनच मागे घेऊन पुन्हा चढवली. तासाभराचं काम झालं. ख्वाईच्या पुढे मोरेमीतली ठरलेली वाट चढत्या पाण्याने बंद होती. दारावरच्या कर्मचाऱ्याने वळसा आखून दिला, त्यात चाळीस किलोमीटर वाढले. डिझेलची शिल्लक तिथे कामी आली. माउनला टाकीत वीस लिटर उरलं होतं.

आता दाजींचे एक स्नेही हाच मार्ग सप्टेंबरात करायचा म्हणतात. त्यांच्यासाठी वर्तुळ तेच ठेवलं आहे, रात्री बदलल्या आहेत. इटोशाला दोन रात्री वाढवल्या, कारण तेव्हा पाणवठ्यांवर जनावरं भरभरून येतात. धबधब्याची एक कमी केली. ख्वाईतल्या तशाच ठेवल्या. काचिकाऊची वाळू तेव्हा आणखी सुटी आणि तापलेली असेल, म्हणून कासानेहून निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली आहे, आणि त्यांच्या गटात गाडी चालवणारा एकच असल्याने घान्झी-विंडहुक हा शेवटचा पाचशे किलोमीटरचा टप्पा सीमेजवळ एक मुक्काम घालून दोन दिवसांत तोडला आहे. साव्हुटीच्या सलग दोन रात्री मिळाल्याचं पत्र यायचं आहे. ते येईपर्यंत तिकिटं काढू नका, असं त्यांना कळवलंय.